उभा जन्म

मराठी भाषेने पायांची जितकी बूज राखली आहे तितकी मराठी माणसाने राखलेली नाही, असे आमचे आता अनुभवांती मत झाले आहे. मुलगा मिळवता झाला की तो स्वतःच्या पायावर उभा राहिला असे आपण म्हणतो. संकट कोसळले की पायाखालची वाळू सरकते, थोरामोठ्यांचे पाय आपल्या घराला लागतात, फिरस्त्याच्या पायाला भिंगरी असते, आणि जेवण जड झाले की आपण पाय मोकळे करायला बाहेर पडतो. ही सारी यादी आम्ही गेल्या तीस वर्षांत फळ्यावर किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. लिहिताना अर्थातच उभे होतो. मात्र तिचा खरा अर्थ आम्हांस वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, एका पावसाळी पहाटे, अंथरुणावरून उठून जमिनीवर पहिले पाऊल टाकताना कळला.

डाव्या टाचेत बाभळीचा काटा खोलवर मोडावा तशी कळ आली. आम्ही पलंगाची कड धरली, चवड्यावर भार घेत न्हाणीघरापर्यंत गेलो आणि परत येताना बघतो तो कळ निम्म्याने उतरलेली. काहीतरी वावडे झाले असेल, किंवा पावसाची ओल बाधली असेल, अशी समजूत घालून आम्ही शाळेस गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मधल्या सुट्टीत घटकाभर खुर्चीवर टेकून उठलो तरी पहिली आठ-दहा पावले लंगडत टाकावी लागत. आठवडे लोटले. 'चार दिवसांत जाईल' असे आम्ही आमच्या सौभाग्यवतीस जुलैत सांगितले होते. नवरात्र आले तरी ते चार दिवस संपेनात.

ही टाचदुखीची कथा आम्ही सांगायला बसलो आहोत खरी, पण तिच्या आत दुसरी एक कथा आहे. ती आमच्या पायाची नाही. ती सांगितल्याखेरीज ही सांगण्यात प्रामाणिकपणा नाही, म्हणून थोडे मागे जाणे प्राप्त आहे.

आमचे वडीलही प्राथमिक शिक्षक होते. त्यांची शाळा एका देवळाच्या पडवीत भरे. जमीन शेणाने सारवलेली, मुले पाटावर नाही तर गोणपाटावर, आणि गुरुजी भिंतीला टेकून मुलांमध्येच मांडी घालून बसलेले. उभे राहून शिकवणे हा आमच्या पिढीचा संस्कार. प्रशिक्षण महाविद्यालयात आमचे एक अध्यापक होते. ते म्हणत, 'शिक्षक बसला की वर्ग बसला.' हे वाक्य आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, आणि पुढे वहीपेक्षा मनावर अधिक ठळक उमटले. नोकरीची पहिली सात वर्षे खानापूर तालुक्यातील रानाकडच्या गावांत गेली. एस.टी.चा थांबा सोडला की लाल मातीच्या पायवाटेने चालत जायचे, वर्गाची जमीनही मातीचीच. दिवसभर उभे राहूनही पाय दुखल्याचे स्मरत नाही. त्याचे श्रेय आम्ही आमच्या निष्ठेला देत आलो. तारुण्याला आणि मातीला त्यात काही वाटा असेल हे तेव्हा सुचले नाही.

पुढे बदलीने बेळगाव शहरात आलो. येथील वर्गांत शहाबादी फरशी होती. दिसायला देखणी, उन्हाळ्यात गार, पण पायाला दगड तो दगडच. काही वर्षांपूर्वी तिच्यावर गुळगुळीत टाइल्स बसल्या आणि आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. शाळा सकाळी प्रार्थनेपासून उभी होते. क्षीरभाग्य योजना २०१३ साली सुरू झाल्यापासून दूध वाटताना उभे राहायचे, मग चाळीस-चाळीस मिनिटांचे पाच-सहा तास, मध्ये मुलांचे जेवण वाढताना देखरेख, सायंकाळी शाळा सुटताना फाटकाशी उभे. एखाद्या शिक्षिकेच्या दिवसाचा हिशोब मांडला तर पाच तास ती उभी असते, आणि त्यातील बराच काळ एकाच जागी, फळा आणि पहिला बाक यांच्या मधल्या दोन हात पट्ट्यात. घरी गेल्यावर ओट्याशी उभे राहायचे ते निराळेच.

गंमत अशी की, उभे करणे ही आपल्याकडे मुलांना देण्याची शिक्षा होती. गृहपाठ केला नाही तर बाकावर उभा राहा, दंगा केला तर दाराबाहेर उभा राहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास बंदी केली आणि ते योग्यच झाले. फळ्यापुढच्या माणसाची शिक्षा मात्र तशीच राहिली, कारण तिला कोणी शिक्षा म्हणत नव्हते. आम्ही तर तिला व्रत म्हणत होतो.

सहा वर्षांपूर्वी आम्ही मुख्याध्यापक झालो. नवा मुख्याध्यापक काहीतरी करून दाखवू पाहतो, तसे आम्हीही केले. पहिल्याच महिन्यात सर्व वर्गांतील शिक्षकांच्या खुर्च्या उचलून आम्ही सभागृहात रचून ठेवल्या. कार्यक्रमाला खुर्च्या कमी पडतात हे कारण सांगितले. खरे कारण आमच्या वहीच्या पहिल्या पानावर होते.

चार-आठ दिवसांनी आमच्या शाळेतील गणिताच्या बाई कचेरीत आल्या. आमच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या, मितभाषी. दाराशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गात एक खुर्ची राहू द्याल का? दुपारनंतर पाय फार भरून येतात."

आम्ही हातातील कागद खाली न ठेवता उत्तर दिले, "बाई, पाय सर्वांचेच दुखतात. आपला पेशाच उभ्याचा आहे."

हे आम्ही खुर्चीवर बसून बोललो होतो. त्या वेळी ते ध्यानात आले नाही.

बाई 'बरं सर' म्हणून गेल्या आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पुढे व्हरांड्यातून फेरी मारताना त्या कधी खिडकीच्या कठड्याला टेकलेल्या, कधी एक पाय चपलेतून काढून दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासताना दिसत. आम्ही ते टिपून ठेवले. एका शिक्षकसभेत 'भिंतीला टेकून शिकवण्याची सवय' या विषयावर आम्ही दहा मिनिटे बोललो. नाव घेतले नाही. घेण्याची आवश्यकताच नव्हती, कारण सभेतील प्रत्येकाची मान कोणत्या दिशेला वळली ते आम्हांस दिसत होते. त्यानंतर बाई भिंतीला टेकलेल्या दिसल्या नाहीत, आणि आम्ही हे आमच्या प्रशासनाचे यश समजलो.

आता पुन्हा आमच्या टाचेकडे वळू.

टाच दुखते असे एकदा तोंडातून निघाले की गल्लीतील प्रत्येक घर वैद्याचे होते. कोणी तापल्या विटेवर रुईची पाने ठेवून शेकायला सांगितले, कोणी एरंडेल चोळायला, कोणी अनवाणी हिरवळीवर चालायला. विटेचा प्रयोग आम्ही पंधरा दिवस केला. शेकताना बरे वाटे, सकाळी पुन्हा काटा असे. त्यात एका हितचिंतकाने 'टाचेचे हाड वाढले असणार, शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही' असे भाकीत वर्तवले. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. अखेर सौभाग्यवतीने निर्वाणीचे सांगितले, "अहो, आता डॉक्टरकडे जाता, की मी मुलाला फोन करू?" तेव्हा आम्ही गेलो.

हाडांचे डॉक्टर कानडीभाषक, वयाने आमच्या विद्यार्थ्यांएवढे. आम्ही आत गेलो आणि सवयीने त्यांच्या मेजासमोर उभे राहून लक्षणे सांगू लागलो. ते हसून म्हणाले, "कुंद्री सर, कुंद्री." बसा, सर, बसा. आमच्या मनात आले, दिवसातून पन्नास वेळा आपण मुलांना 'बसा' म्हणतो. हा शब्द आपल्याला उद्देशून कोणी म्हटल्याला किती दिवस झाले असतील?

डॉक्टरांनी टाचेच्या आतल्या कडेला अंगठ्याने दाबले आणि आम्ही खुर्चीतून जवळजवळ उठलोच. मग त्यांनी कागदावर पायाचे चित्र काढून समजावले. एका पायात २६ हाडे. दोन्ही पायांची मिळून ५२ होतात, म्हणजे साऱ्या देहातील २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा तेथेच. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पडदा ताणलेला असतो. धनुष्याची प्रत्यंचा जशी धनुष्याला बाक देते, तसा तो तळव्याची कमान धरून ठेवतो. वर्षानुवर्षे कठीण जमिनीवर उभे राहिल्याने, वजन वाढल्याने, पातळ तळाची पादत्राणे वापरल्याने तो टाचेशी जेथे जोडलेला असतो तेथे झिजतो, दुखावतो. रात्रभर पाय सैल पडलेला असतो आणि पडदा आखडतो. पहाटेचे पहिले पाऊल त्याला एकदम ताणते, म्हणून ती कळ. काही पावलांनंतर तो सैलावतो आणि दुखणे उतरते. आमच्या भूताचे असे साधे कूळ निघाले.

क्ष-किरण छायाचित्रात हाड किंचित वाढलेले दिसले खरे. पण डॉक्टर म्हणाले, असे हाड कधीच टाच न दुखलेल्या पुष्कळ माणसांतही दिसते, दुखण्याचे खापर त्याच्यावर फोडू नये. बहुतेकांचे हे दुखणे शस्त्रक्रियेविना वर्षभराच्या आत बरे होते. अट दोनच, संयम आणि सातत्य. हे दोन शब्द आम्ही विद्यार्थ्यांच्या प्रगतिपुस्तकात हजारदा लिहिले आहेत. स्वतःच्या पुस्तकात लिहिण्याची वेळ प्रथमच आली.

उपाय त्यांनी सांगितले ते अगदी घरगुती होते. समव्यवसायी वाचकांच्या उपयोगी पडावेत म्हणून येथे देतो. पहाटे डोळे उघडले की लगेच जमिनीवर पाय टाकू नये. अंथरुणावर बसून पाय लांब करावा, चवड्याखालून पंचा घालावा आणि दोन्ही टोके हातांत धरून बोटे आपल्याकडे ओढावी. दहा अंक मोजेपर्यंत धरावे, सोडावे, असे दहा वेळा. दिवसातून आणखी दोनदा हेच हाताने करावे, म्हणजे दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटे नडगीकडे वळवावी. पोटरी आखडलेली असेल तर टाचेवरचा ताण वाढतो, म्हणून भिंतीला दोन्ही हात लावून एक पाय मागे न्यावा, गुडघा ताठ, टाच जमिनीला टेकलेली, आणि अर्धा मिनिट तसे राहावे. सायंकाळी पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून तळव्याखाली दहा-पंधरा मिनिटे मागेपुढे लोळवावी. आम्ही वर्तमानपत्र वाचताना हे करतो. नातवाला वाटते, आजोबा गाडी चालवतात.

पादत्राणांचा विषय निघाला तेव्हा आम्हांस थोडे वाईट वाटले. आमच्या पायात पंचवीस वर्षे कोल्हापुरी चपला. नाव कोल्हापुरी असले तरी आमच्या जिल्ह्यातील अथणी-निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या त्या घडवीत आले आहेत, आणि २०१९ साली या चपलांना भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. सीमेच्या दोन्ही अंगांना एकच कातडे आणि एकच शिवण, असा अभिमान आम्ही वर्गात सांगत आलो. डॉक्टरांनी चप्पल हातात घेतली, तिच्या कारागिरीचे कौतुक केले, आणि म्हणाले की हिचा तळ सपाट व कठीण आहे, टाचेला ना उशी ना आधार. ही सणासमारंभाला ठेवा, फरशीवर पाच तास उभे राहायला नको. आम्ही तसेच केले. आता शाळेत आम्ही मऊ तळाचे, टाच किंचित उंच असलेले, मागून घट्ट बसणारे बूट घालतो. बूट घ्यायला सायंकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. दोन्ही पायांत घालून उभे राहून पाहावे, पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरावी, आणि बूट बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. जमल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावे.

हे उपाय सुरू झाल्यावर आम्हांस एक नवीनच सवय लागली. आम्ही माणसांच्या पायांकडे पाहू लागलो. फेरीत पूर्वी आमचे लक्ष फळ्याकडे आणि मुलांच्या वह्यांकडे असे. आता ते खाली जाऊ लागले. आणि नोव्हेंबरातील एका दुपारी गणिताच्या बाईंचा पाय आम्हांस प्रथमच दिसला. डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला, साडीच्या काठाखाली, पांढरी पट्टी बांधलेली होती, आणि तिच्याभोवतीची कातडी काळवंडलेली होती.

तास संपल्यावर आम्ही विचारले. "जखम आहे, सर. सव्वा वर्ष झालं. भरते, पुन्हा उघडते." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. फळ्यावरचे उदाहरण वाचून दाखवावे तसे त्यांनी सांगितले.

पुढच्या भेटीत आम्ही डॉक्टरांना याविषयी विचारले. पायांकडे उतरलेले रक्त पुन्हा वर हृदयाकडे चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात, सैलावतात, आणि शिरांतील छोट्या झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. माणूस एका जागी तासन्‌तास उभा राहिला की हा पंप बंद पडतो. रक्त खाली साचते, शिरा फुगतात, काहींच्या झडपा निकामी होतात. मग पायांना जडपणा, सायंकाळची सूज, पोटरीवर निळ्या गाठाळ शिरा, आणि दुर्लक्ष झाले तर घोट्याजवळ न भरणारी जखम. सर्वांनाच असे होत नाही. घराण्याचा वारसा, बाळंतपणे, वजन यांचाही हिस्सा असतो. पण ज्याला ते होऊ घातले आहे त्याला दिवसभर उभे ठेवणे म्हणजे गळक्या कौलाखाली धान्याचे पोते ठेवणे होय.

'दुपारनंतर पाय फार भरून येतात' हे बाईंचे वाक्य आम्हांस तेव्हा शब्दशः आठवले. त्यांनी आजाराचे वर्णनच केले होते. आम्ही ते आळसाचे निमित्त समजलो. मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाला एक साधे मराठी वाक्य कळले नाही.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही स्वतः सभागृहातील खुर्च्या उतरवल्या. शिपाई मदतीला धावला. आम्ही त्याला थांबवले नाही, पण एक खुर्ची मात्र आम्ही स्वतःच्या हातांनी उचलून गणिताच्या वर्गात नेली. सोमवारी बाईंना कचेरीत बोलावले, आधी बसायला सांगितले, आणि म्हणालो, "बाई, तेव्हा आमचे चुकले. सभेत बोललो तेही चुकले."

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, खुर्ची तेव्हा मिळाली असती तर पाय दुखायचा राहिला असता असं नाही. आईचेही पाय असेच होते. पण त्या सभेनंतर मी घरी जाऊन रडले होते. पायासाठी नाही."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढच्या शिक्षकसभेत, जेथे आम्ही भिंतीविषयी दहा मिनिटे बोललो होतो तेथेच, आम्ही आमच्या चुकीविषयी पाच मिनिटे बोललो. मग प्रत्येकाला पायांविषयी विचारले. बांध फुटावा तशी माहिती आली. एकीच्या टाचांना खोल भेगा, एकीच्या करंगळीला कुरूप, दोघांच्या गुडघ्यांत कळा. एका सरांना मधुमेह आहे. त्यांच्या चपलेतील खिळा वर येऊन तळव्याला दिवसभर टोचत होता आणि त्यांना घरी गेल्यावर मोज्यावरचे रक्त पाहून कळले. मधुमेहाने तळव्याची संवेदना बोथट होते, हे आम्हांस त्या दिवशी उमजले. अशांनी अनवाणी चालू नये, शेकण्यासाठी गरम पाण्यात पाय घालण्याचे धाडस करू नये, कारण चटका कळत नाही. रोज रात्री आरसा धरून तळवा पाहावा, आणि बारीकशी जखम दिसली तरी डॉक्टर गाठावा. विटेचा आणि रुईच्या पानांचा आमचा प्रयोग त्यांनी केला असता तर काय झाले असते, या विचाराने अंगावर काटा आला. तसेच एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, तर ती चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. आत रक्ताची गाठ असू शकते.

त्या सभेपासून शाळेत काही साधे बदल झाले. प्रत्येक वर्गात खुर्ची आहे, आणि फळ्याजवळ वीतभर उंचीचा पाट. उभे असताना एक पाय पाटावर, थोड्या वेळाने दुसरा, असे केले की कमरेला आणि टाचेला विसावा मिळतो. फळ्यापुढील फरशीवर जाड तरट दुमडून अंथरले आहे. ही युक्ती एका विद्यार्थ्याच्या आईची. आमच्याकडे वडगाव-शहापूर भागातील विणकरांची मुले येतात. पूर्वी ती मंडळी हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, आता यंत्रमागापुढे उभी असतात. ती माउली म्हणाली, "मागापुढं आम्ही दुमडलेलं पोतं टाकतो, सर. नुसत्या फरशीवर उभं राहून पाय कसे टिकतील?" विद्यापीठात हे कोणी शिकवले नव्हते. मुले उदाहरण सोडवीत असताना शिक्षक वर्गात फिरतात, किंवा जागच्या जागी टाचा वीस वेळा उचलतात, म्हणजे पोटरीचा पंप चालू राहतो. पहिल्या वर्गांनी तर कवायतीप्रमाणे शिक्षिकेबरोबर टाचा उचलायला आरंभ केला आहे. एकाच व्यक्तीला सलग चार तास येऊ नयेत म्हणून वेळापत्रकही आम्ही पुन्हा मांडले. त्याला दोन रविवार लागले.

आणि वर्ग बसला काय? नाही. वाचनाच्या तासाला शिक्षक मुलांमध्ये बसतात तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही पुढे सरकतात. खालच्या वर्गांतील 'नली-कली' पद्धतीत तर शिक्षकाने मुलांच्या गटात बसणेच अभिप्रेत आहे. आमचे वडील पडवीत तेच करीत होते. मधल्या काळात आम्हीच उभे राहून गेलो.

केरळ राज्याने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायदा करून दुकानांतील नोकरांना कामाच्या वेळी बसण्याची सोय देणे मालकांवर बंधनकारक केले. केरळात त्यासाठी कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. ते वृत्त आम्ही त्या वेळी वाचले होते आणि त्या दुकानमालकांच्या निष्ठुरपणाबद्दल हळहळलोही होतो. तेव्हा आमच्या सभागृहात खुर्च्यांची चळत रचलेली होती.

आमची टाच आता नव्वद टक्के बरी आहे. नऊ महिने लागले. पंचा अजून उशाशी असतो. बाईंची जखम डॉक्टरांनी बांधलेल्या दाबपट्ट्यांनी, आणि घरी पाय उशीवर उंच ठेवून, चार महिन्यांत भरली. आता त्या सकाळी अंथरुण सोडण्यापूर्वीच घट्ट मोजे चढवतात. ते मोजे मात्र ज्याने त्याने मनाने घेऊ नयेत, पायाचा रक्तपुरवठा तपासून डॉक्टरांनीच मापाने द्यावेत. निकामी झालेल्या झडपा पुन्हा धड होत नाहीत, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. बाईंच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले आहेत.

परवा फेरीत आम्ही त्यांच्या वर्गावरून गेलो. मुले भागाकार करीत होती. बाई खिडकीशी खुर्चीवर बसून वह्या तपासत होत्या. आमची चाहूल लागताच, जुन्या सवयीने, त्यांनी वह्या बाजूला सारल्या आणि हातावर भार देऊन त्या उठू लागल्या.

आम्ही दारातूनच म्हणालो, "बसा, बाई. बसा."